चांदोलीत मुलगा दाखवण्याचा कार्यक्रम

माझं लग्न चांदोलीच्या जंगलात अडकलं होतं. मुलगी मला पसंत, मी तिला पसंत, पत्रिका जुळलेली. उरला होता फक्त तिचा बाप. शिराळ्याकडचे रिटायर्ड सुभेदार. सातारला आमच्याकडे पोहे खाता खाता त्यांनी विचारलं होतं, "छंद काय?" मी दिवसभर ऑफिसात खुर्चीवर बसणारा माणूस. बसणं हा काही छंद म्हणून सांगता येत नाही. म्हणालो, "जंगलात फिरणं."

"मग झालं तर! येत्या ऐतवारी चांदोलीला जाऊ. पोरगं बैठकीत कळत न्हाई, चालताना कळतंय."

त्याच बैठकीत आईने मोठ्या ठसक्यात सांगून टाकलं की आमच्या पोराला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. एवढं मात्र खरं होतं.

ऑफिसातल्या एका पाटणच्या माणसाने मला सल्ला दिला. पावसाळा नुकताच सरलाय, रानात जळवा असणार. मोज्यात तंबाखू टाक, जळू जवळ फिरकत नाही. तो बहुधा चिमूटभर म्हणाला असावा. मी एकेका मोज्यात एकेक अख्खी पुडी ओतली.

रविवारी जंगलाच्या नाक्यावर वनरक्षकाने पिशव्या तपासल्या. आत तंबाखू, काडेपेटी, प्लास्टिक न्यायला बंदी. सुभेदारांच्या पिशवीतून तंबाखूची चंची निघाली. वर्षापूर्वीच बाबांनी तंबाखू सोडली, असं मुलीने मला फोनवर अभिमानाने सांगितलं होतं.

"जळवांसाठी आणलीया," सुभेदार माझ्याकडे न बघता म्हणाले.

"आन् चुन्याची डबी, सायेब?" असं विचारून वनरक्षकाने चंची टेबलाच्या खणात टाकली. मोजे कुणी तपासत नाही.

पुढे वाटाड्या, मधे सुभेदार, मागे मी. जंगलाचा जाणकार गप्प कसा राहणार? एका झाडाच्या सालीवर ओरखडे दिसले. मी दबक्या आवाजात म्हणालो, "मामा, वाघाच्या नख्या!"

वाटाड्या म्हणाला, "पाटी ठोकली हुती हितं. वाकडी बसली म्हणून उपटली."

त्यानंतर मी जाणकारी आटोपती घेतली. सुभेदारांचा हात दर दहा पावलांनी खिशाकडे जायचा, रिकामा परत यायचा, आणि त्याचा राग माझ्यावर निघायचा. "पाय उचला पावणं! रानात फिरताय का देवळात?"

अर्ध्या तासात पाय घामाने चिंब झाले आणि समोरची झाडं सावकाश फेर धरू लागली. मी एका दगडावर बसलो.

"काय होतंय?"

"काही नाही मामा. निसर्ग बघतोय."

"डोळं मिटून?"

फौजी माणूस. त्यांनी मला आडवं केलं, पाय वर उचलले, बूट काढले, मोजे ओढले. भिजलेली तंबाखू भसकन माझ्याच पोटावर पडली.

"ह्ये काय?"

"जळवांसाठी," मी म्हणालो.

"मला शिकवतोस व्हय रं? ह्यो बहाणा मी..." सुभेदार थांबले. वाटाड्या एकदम झाडाच्या शेंड्याकडे बघू लागला. मग त्यांचा आवाज दुप्पट चढला. "सुपारीचं खांड न्हाई म्हनं! तोंडानं खात न्हाईस, पायानं खातोस व्हय?"

मी सगळं ओकलो. आधी खरं, मग सकाळचे पोहे. जंगल मी फक्त मोबाइलवर बघतो, पुडी आयुष्यात पहिल्यांदा विकत घेतली, आणि मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय. हे सगळं आडवं पडून, पाय त्यांच्या हातात असताना सांगितलं. त्यांची नजर माझ्या पोटावर खिळली होती. लग्न मोडलं, असं मी धरून चाललो. वाटाड्याला मात्र ती नजर कळली.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "त्यातली नगं."

जंगलात काही टाकायचं नाही, म्हणून वाटाड्याने ती तंबाखू वेचून परत मोज्यात भरली आणि मोजे माझ्या हातात दिले. नुसत्या बुटांनी नाक्यावर पोचेपर्यंत मला तीन जळवा लागल्या.

चंची परत हातात पडताच सुभेदार नाक्याशेजारच्या पारावर बसले. तंबाखू मळली, चिमूट ओठाखाली सरकवली आणि डोळे मिटले. तेवढ्यात मोबाइलला रेंज आली आणि घरचा फोन वाजला.

"व्हय, बगितलं पोरगं," ते ओठ जेमतेम हलवत म्हणाले. "खोटं बोलतंय. पर लय वाईट बोलतंय गं, अर्ध्या तासात सापडतंय. आपल्या पोरीला तरास न्हाई. दिऊन टाकू."

मी तसाच नळाकडे पळालो. तोंड धुतलं, वर थोडा नाचलोही. परत आलो तर सुभेदारांनी घाम पुसत फोन माझ्या हातात दिला. पलीकडे मामी होत्या, म्हणजे मुलीची आई.

"जावईबापू, खरं सांगा. ह्यांच्या तोंडात काय हाय?"

सुभेदार हातवारे करत होते. चिमटीत मावणारं काहीतरी गोल, आंबट. फौजी खुणा मला कुठून कळणार? पण सासऱ्यांची अब्रू आता माझ्या हातात होती. मी ठामपणे म्हणालो, "चिंच, मामी."

सुभेदारांनी कपाळावर हात मारून घेतला.

"असं व्हय," मामी म्हणाल्या. "हे आवळा म्हणत हुते. साखरपुडा कवा करायचा ते आता मीच ठरवते. तुमी दोघं आधी चुळा भरा, आन् गाडी हळू चालवा."