मनगटावरची वेल

पंचवटीत आमचे ब्लाउज शिवणाऱ्या मावशी तोंडात टाचण्या धरूनच बोलत, म्हणून त्यांचं बोलणं दोन-तीन शब्दांचंच असे. डाव्या मनगटावर त्यांनी हिरवी वेल गोंदलेली होती. मी कधी कारण विचारलं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीने जीव द्यायचा प्रयत्न केला, त्यानंतर दोन महिने ती बोललीच नव्हती. तिला मी मापाला नेलं. तिच्या मनगटावरचा व्रण दिसताच मावशींनी टाचण्या काढल्या आणि आपला हात पुढे केला.

"चाचपून बघ. वेलीखाली माझा बी व्रण हाय. जखम भरल्यावर गोंदून घेतलं."

बहिणीने विचारलं, "दुखलं?"

"गोंदताना? लय नाय."

मावशींनी पुन्हा टेप उचलला. "बाही मनगटापर्यंत ठेवू?"

"नको," बहीण म्हणाली. "कोपरापर्यंतच."