अख्खा नारळ

पापलेटाचा कल्ला बोटाने उचलायचा, आतला लाल रंग आपल्या नाकासमोर धरायचा आणि म्हणायचं, "बग ताय, आत बग. म्हावरा कदी खोटं बोलत नाय. मान्सं बोलतात." दिवाळे कोळीवाड्याहून आमच्या बेलापूरच्या इमारतीत मासे घेऊन येणाऱ्या मावशीचं हे रोजचं वाक्य. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यातला दुसरा भाग ऐकू येणंच बंद झालं होतं.

आमच्या सोसायटीने जिन्याच्या तोंडाशी ‘फेरीवाल्यांना बंदी’ असा बोर्ड लावला होता. मावशी नेमकी त्याच्याखाली पाटी उतरवून ऐसपैस बसायची. सेक्रेटरींनी एकदा हटकलं, तर म्हणाली, "मी फिरतंय कुटं सायेब? मी तर बसतंय." सेक्रेटरी जाताना अर्धा किलो कोळंबी घेऊन गेले.

पुढे नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही हॉलंडमधल्या एका बंदराच्या शहरात राहायला गेलो. दर उन्हाळ्यात इकडे यायचो. आल्या दिवशी मावशी हजर. परदेशातून आणलेलं चॉकलेट ती सुनेसाठी कनवटीला लावायची आणि भिंतीला पाठ टेकून विचारायची, "हां. सांग आता. तिकडं बायका म्हावरा कशा इकतात?"

"बायका कमी मावशी, पुरुषच असतात. पांढरे कोट, हातात मोजे."

"डाक्टर हायत का?"

"आणि भाव करायचा नाही. लिहिलेला असतो."

मावशीने गालावर हात ठेवला. "मंग गिऱ्हाइकाशी बोलतात काय?"

खरंच, काही बोलत नाहीत. तिकडच्या मराठी मंडळाच्या अंकात मी पानंच्या पानं प्रवासवर्णनं लिहायचे. चर्च, पूल, ट्युलिपच्या बागा, काही सोडलं नव्हतं. पण मावशीला जे बसल्या जागी दिसलं ते मला तिथे राहून दिसलं नाही. तुम्हीही परदेशात राहिला असाल तर सांगा, आपण बघतो जास्त की फोटो काढतो जास्त?

मावशीला एकच मुलगा. त्याच्या बापाला खाडीने नेलं होतं, तो पोर पाळण्यात असताना. तोच पोर मोठ्या मालवाहू जहाजावर लागला, आणि ते जहाज नेमकं आमच्या बंदराला लागायचं. मावशीने हे ऐकलं त्या दिवशी ती कोणाशी भांडली नाही. तिच्या बाबतीत हे काळजीचं लक्षण होतं.

त्या वर्षी आम्ही परत निघायच्या आदल्या दिवशी ती पाटीशिवाय आली. नवं लुगडं, केसात अबोलीची वेणी, आणि दोन्ही हातांत सोनेरी कागद लावलेला, कुंकू वाहिलेला नारळ.

"हितला दर्या मना वलखतो ताय. वर्साला नारल देतंय त्याला. तिकडचा मना वलखत नाय. आन पोर तिकडं हाय." तिने नारळ माझ्या ओंजळीत ठेवला. "नारली पुनवेला हा सोड तिकडं. फोडायचा नाय हां, आख्खा सोडायचा. तुजं घर त्याच्या शेजारला. तुज्या हातचा घेल तो."

बॅगेचं वजन भरत होतं. मी पापडांची दोन पाकिटं बाहेर काढली आणि नारळ आत ठेवला. एवढं मात्र केलं.

परत गेल्यावर उरलेल्या सुट्टीत आम्ही गाडीने पाच देश फिरलो. बर्फाचे डोंगर पाहिले, एका राजाचं झोपायचं दालन पाहायला दोन तास रांगेत उभे राहिलो. नारळ स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून होता. समुद्र आमच्या घरापासून अर्ध्या तासावर होता.

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे मंडळाचे लोक जेवायला होते. नारळीभात करायचा, तर दुकानातला किसलेला नारळ संपलेला. माझी नजर खिडकीकडे गेली. मुलगी म्हणाली, "आई, तो मावशीचा आहे ना?" मी म्हटलं, "अगं, समुद्र कुठे पळून जातोय? दुसरा आणून सोडू." आणि फोडला. आतून निघालाही चांगला गोड. पाहुण्यांनी दोनदा भात मागून घेतला.

आम्ही जेवत असतानाच मावशीचा फोन आला. तोंडात घास होता.

"ताय, सोडला?"

तो घास मी गिळला आणि म्हटलं, "सोडला मावशी."

"आख्खा?"

"अख्खा. लाटेने लगेच आत नेला." लाट मी माझ्या पदरची घातली. प्रवासवर्णनं लिहिणाऱ्याला ते जड नसतं.

"घेतला गो त्यानं! घेतला!" ती फोन बाजूला धरून तिकडे कोणाला तरी ओरडून सांगत होती. टेबलावर मुलीने चमचा खाली ठेवला होता. दुसरा नारळ आणायचा राहिला तो राहिलाच.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी दारात आली ती माझे दोन्ही हात धरूनच. तिकडे मुलाचं जहाज वादळात सापडलं होतं. "पोर बोलला, आई, जहाज आडवं झालंतं, मंग कोनी तरी हात दिल्यावानी सरल झालं. मी बोलले, मना म्हाईत हाय कोनी दिला." मग तिने पाटीतलं सगळ्यात मोठं पापलेट काढलं, कल्ला उचलून मला आत दाखवला आणि स्वतः साफ करून दिलं. त्या दुपारी ते मला गिळवेना.

सांगायचा प्रयत्न मी केला. खोटं कशाला बोलू, एकदाच केला. "मावशी, त्या नारळाचं ना..." एवढं म्हणाले, तर ती म्हणाली, "हां, बरी आठवन दिलीस," आणि पिशवीतून दुसरा काढला. सोनेरी कागद, कुंकू, सगळं तसंच. मुलगा पुन्हा त्याच मार्गावर निघाला होता. आता माझ्या हाताला गुण आहे हे मावशीच्या साऱ्या आळीला ठाऊक झालं होतं. मी नारळ घेतला.

या वेळी नारळी पौर्णिमेला आम्ही तिघंही गेलो. वारा असा की उभं राहवत नव्हतं. राखाडी पाणी, किनाऱ्यावर एक कुत्रा आणि त्याचा मालक. मी नारळ सोडला, तो परत आला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. शेवटी नवरा पँट दुमडून कुडकुडत गुडघाभर पाण्यात गेला आणि त्याने तो लांब फेकला. मग मात्र तो आत आत जाताना दिसत राहिला. घरी येऊन घड्याळ पाहिलं. जाऊन येऊन दीड तास लागला होता. एवढंच काम होतं ते.

मी लगेच फोन लावला. सुनेने उचलला. "आई आजारी हायत ताय. पडूनच असतात. कानाला लावते, बोला तुमी."

पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"मावशी, सोडला. आज खरंच सोडला." आणि मग मला राहवलं नाही. "पहिला नव्हता सोडला मावशी. पहिला आम्ही खाल्ला. मी खोटं बोलले."

श्वास तसाच चालू होता. मग सुनेचा आवाज आला, "आईंनी डोले मिटले ताय. झोप लागली वाटतं." तिने ऐकलं की नाही, मला कळलं नाही. पंधरा दिवसांनी मावशी गेल्याचं कळलं.

यंदा आम्ही कायमचे बेलापूरला परत आलो. आठवड्याभरात मावशीचा मुलगा भेटायला आला, हातात पापलेटाची पिशवी. उंच, काळासावळा, बोलताना मान तिरकी करायची सवय आईचीच. आई जाण्याआधी दोन दिवस तो घरी पोचला होता.

"आईनं तुमाला निरोप दिलाय," तो म्हणाला. "बोलली, तायला सांग, येक पोचला ना, बास. रडू नको बोलली. म्हंजी काय वो? मना तर काय कललं नाय."

मी पिशवी घेतली. तो पायरीवर टेकला, त्या बोर्डाच्या खालीच, आणि उत्तराची वाट बघत माझ्याकडे पाहत राहिला. मावशीने मला माफ केलं होतं. पण पहिला नारळ तिचा नव्हताच, या पोरासाठीचा होता.

"चहा टाकते," म्हणून मी आत गेले.

त्याला अजून सांगितलेलं नाही.