बुरुलबाई गप्प बसायला शिकल्या

अत-बाशी या डोंगराळ गावातल्या शाळेत बुरुलबाई भौतिकशास्त्र शिकवायच्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे बाजारात मटण घेतानाही कसाई त्यांच्यापुढे ताठ उभा राहायचा. निवृत्ती जवळ आली होती. त्यानंतर दोघांनी मिळून मधमाश्या पाळायच्या, म्हणून नवरा तोक्तोसुन यानं पेट्या रंगवायलाही काढल्या होत्या.

अशात राजधानी बिश्केकहून चोलपोन नावाची संशोधक आली. शिक्षक जसजसा जुना होतो, तसतशी त्याची मुलं जास्त शिकतात का, याचा ती शोध घेत होती. तिनं वर्गात मागे कॅमेरा लावला. बाई त्या दिवशी नवा रुमाल बांधून आल्या आणि झकास शिकवलं, असं त्यांना स्वतःलाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चहा पीत दोघींनी चित्रण पाहिलं. पडद्यावरच्या बाई प्रश्न विचारत होत्या आणि पोरांनी मान वर करायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होत होत्या. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, प्रत्येक वेळी.

"ही बाई कुणाला तोंडच उघडू देत नाही की," बुरुलबाई म्हणाल्या.

"बरेच शिक्षक असंच करतात, बाई. शिकवत होते तेव्हा मीही करायचे."

"ते असू दे. माझ्या नवऱ्याला तेवढं सांगू नकोस. लग्न झाल्यापासून त्याचं हेच म्हणणं आहे."

दोघी पोट धरून हसल्या. पण घरी जाताना बाईंना राहून राहून टोचत होतं. वर्गातल्या मुक्या पोरांना आपण मठ्ठ समजत आलो. त्यांची पाळी आलीच कधी?

पुढच्या तासाला त्यांनी विचारलं, "वर जैलूवर, डोंगरातल्या उन्हाळी कुरणावर, मटण शिजायला एवढा वेळ का लागतो?" आणि ओठ घट्ट मिटून घेतले. फार जड गेलं. शेवटी पुढच्या बाकावरून आवाज आला, "बाई, बरं नाही का वाटत?"

"छान वाटतंय. उत्तर द्या."

"लाकडं ओली असतात," एक जण म्हणाला.

"आमची सुकी असतात, तरी वेळ लागतो," दुसऱ्यानं त्याला उडवून लावलं.

मग वर्षभर न बोललेली नुरझिया हळूच म्हणाली, "वरचं उकळतं पाणी कमी गरम असतं. उकळता चहा ओतून घेतला तरी जीभ तेवढी पोळत नाही. घरी जास्त पोळते."

सगळा वर्ग तिच्याकडे वळला. मग असा वाद रंगला, की घंटा झाली तरी कुणी उठेना. हवेच्या दाबाचा धडा बाईंना फार थोडा शिकवावा लागला.

पोरांना बोलतं करायची त्यांना चटकच लागली. गणिताचा तरुण शिक्षक एल्मुरात याच्या वर्गात बसायची त्यांनी परवानगी मागितली, तेव्हा तो घाबरलाच.

"बाई, तुम्ही? माझं काही चुकलं तर?"

"तुला तपासायला नाही येत. तू पोरांकडून गणित कसं वदवून घेतोस, ते बघायचंय मला."

पुढे तोही त्यांच्या वर्गात येऊन बसू लागला. चोलपोननं जाताना सांगितलं, की नुसती वर्षं सरल्यानं मुलं जास्त शिकतात असं काही तिला अजून दिसलेलं नाही. मात्र जिथं शिक्षक एकमेकांच्या वर्गात डोकावतात, तिथं फरक दिसतोय.

बाईंनी निवृत्ती पुढे ढकलली. तोक्तोसुन ब्रश हातात धरून म्हणाला, "आणि या पेट्यांचं काय?"

"तू आहेस ना. मीही येईन रविवारी. गप्प बसून मदत करीन."

"हे बघायला तर मी अख्खं गाव बोलावीन," तोक्तोसुन म्हणाला आणि पुन्हा रंगवायला बसला.