सुई टोचणारा नगरला गेला

डॉक्टरांनी नगरहून काढून आणलेला छातीचा फोटो खिडकीशी धरला आणि म्हणाले, "तात्या, पल्मनरी ट्युबरक्युलोसिस." म्हणजे छातीचा क्षय. माझी बायको सोना बाकावर बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. डॉक्टर तिला म्हणाले, "घाबरू नका, बरा होतो. पण सुई चुकवायची नाही. बरं वाटलं म्हणून थांबलात तर गेलात."

आमचं गाव शेवगाव तालुक्यात, आडबाजूला. दवाखान्यात डॉक्टर टिकत नसे. हा तरुण, शेतकऱ्याचाच पोरगा, हात हलका. स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे क्षयाचं इंजेक्शन, तो रोज सकाळी स्वतः टोचायचा. दुष्काळाचं वर्ष. गाव खडी फोडायला गेलेलं, पण सोना आधी दवाखाना गाठायची. तिला भूक लागायला लागली. खोकला बसला. चुलीपुढं बसून मला शिव्या घालायला लागली, तेव्हा ओळखलं, बाई वाचणार.

ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी पुढचं नीट वाचावं.

आमच्या गावाला एक खोड. जो तो डॉक्टरांना विचारणार, "साहेब, बदली कवा?" म्हाताऱ्या बायका पाया पडू द्यायच्या आणि आशीर्वाद काय, तर मोठ्या गावाला जा. माझा मेव्हणा शेवगावात अडतीच्या दुकानावर असतो. तो बहिणीला बघायला आला आणि डॉक्टरांच्या तोंडावरच बोलला, "आक्के, ह्यो खरा हुशार असता तर हितं माश्या मारीत बसला असता का? तुला नगरला नेतो."

"माश्या न्हाई, माझा खोकला मारलाय त्यानं. गप बस," सोना म्हणाली.

डॉक्टर हसले. पण चेहरा उतरला तो उतरलाच.

पुढं बदलीचा हुकूम त्यांनी स्वतःच मागून आणला. मला म्हणाले, "तात्या, माझ्या बरोबरीचे सगळे नगरला, पुण्याला लागले. मी एकटा मागं राहिलो तर कायमचा इथलाच होईन."

"मग हितं काय वाईट हाय? दारात दूध येतं, म्हातारी मान्सं तुमाला बघून उठून उभी ऱ्हात्यात."

"ते सगळं खरं," म्हणाले, आणि गेले. गावानं फेटा बांधला, एस.टी.पर्यंत वाजत नेलं. सुईचं नाव कुणी काढलंच नाही.

औषध दवाखान्याच्या कपाटात पडून. कंपाउंडर म्हणायचा, "डॉक्टर न्हाई, मी टोचनार न्हाई. बाईला काय झालं तर माझी नोकरी जाईल." रोज शेवगाव गाठायचं तर एस.टी.चा भरवसा नाही. कधी सुई मिळाली, कधी नाही. नवा डॉक्टर येणार, येणार, म्हणता म्हणता पावसाळाही कोरडा गेला. मग सोनाला रक्ताची गुळणी आली.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात थुंकी तपासली. वाट बघायला लावून शेवटी तिथले डॉक्टर म्हणाले, "रेझिस्टन्स." म्हणजे औषध मध्येच तुटलं की जंतू त्याला सरावतात. मग ते औषध नुसतं पाणी.

सोनाला ज्या वॉर्डात ठेवलं, तिथंच आमचे डॉक्टर दिसले. मोठ्या डॉक्टरांच्या मागच्या घोळक्यात, सगळ्यात शेवटी. सोनाला बघून पांढरे पडले.

मी विचारलं, "बरं हाय का हितं?"

"इथं मला कुणी ओळखत नाही, तात्या."

"मग चला की माघारी."

"आता आलो तर लोक म्हणतील, नगरला चालला नाही म्हणून परत आला."

कोण म्हणणार होतं? मेव्हणा म्हणाला असता. तेवढ्यासाठी हा शिकलेला माणूस त्या घोळक्यात उभा.

वॉर्डातल्या खाटेवरच सोना गेली. डॉक्टर तिच्या उशाशी बसून रडले. त्याबद्दल आभार मानतो. उपयोग काही झाला नाही.

क्षय बरा होतो, मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून सांगतो, तुमचा डॉक्टर निघाला तर त्याचा मान राहू द्या बाजूला. त्याला रस्त्यात अडवा. विचारा, उद्या सकाळी हिला सुई कोण टोचणार? माणसाचं नाव सांगितल्याशिवाय त्याला एस.टी.त चढू देऊ नका.