मेणाचा ठोकळा

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. माझे मिस्टर एसटीत ड्रायव्हर. त्यांच्या उजव्या मांडीच्या हाडात गाठ निघाली, तुकडा काढून तपासला तर हाडाचा कॅन्सर, आणि येत्या सोमवारी पाय मांडीपासून काढायचं ठरलं. त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला नाही. सप्तशृंगीला नवस बोलावा असंही वाटेना. ऐकणारं कोणी आहे, यावरचा विश्वासच उडाला होता.

नाशिकच्या त्या दवाखान्यात बाकावर शेजारी एक वयस्कर गृहस्थ स्वतःच्या शुगरचा रिपोर्ट घ्यायला बसले होते. मला रडताना पाहून त्यांनी चौकशी केली. पूर्वी ते मुंबईच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. आमचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "ताई, यात लिहिलेल्या या गोल पेशी नुसत्या बघून ओळखू येत नाहीत. दोन-तीन आजारांत त्या अशाच दिसतात. मुंबईला खास रंग लावून खात्री करतात. काढलेला तुकडा मेणात बसवून जपून ठेवतात, तो मेणाचा ठोकळा लॅबमध्ये असेल, तो मागून घ्या. आधी ते होऊ द्या, मग पायाचं बघा."

मी भीतभीत सर्जनना सांगितलं. ते रागावले नाहीत. थोडा विचार करून त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं, चिठ्ठीही स्वतःच लिहून दिली. काड्यापेटीपेक्षा लहान तो ठोकळा रुमालात गुंडाळून मी एकटीच मुंबईला निघाले. गाडीत हात कधी जोडले गेले, कळलंही नाही.

आठ दिवसांनी तिथल्या डॉक्टरबाईंनी मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. एका काचेवर हाडाच्या त्या कॅन्सरची खूण रंगलीच नव्हती. दुसऱ्या काचेवर मात्र पेशीपेशीभोवती तपकिरी कडं उमटलं होतं.

"हा हाडात सुरू झालेला लिम्फोमा आहे, पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. क्वचितच होतो," त्या म्हणाल्या. "औषधांनी बरा होऊ शकतो. पाय काढायची गरज नाही."

मी पुन्हा एकदा मायक्रोस्कोपला डोळा लावला.

सहा महिने केमो चालली. केस गेले, वजन उतरलं, पण गाठ विरली. पुढच्या वर्षी मिस्टर गडाच्या पायऱ्या स्वतःच्या दोन्ही पायांनी असे चढले की मलाच त्यांना गाठता येईना.

पेढे घेऊन त्या काकांचं घर शोधून काढलं. त्यांना मी आठवेना. "मी असं बऱ्याच जणांना सांगत असतो हो," ते संकोचून म्हणाले.

मी तर सप्तशृंगीआईकडे मागायचंही सोडलं होतं. तरी तिने माझ्या शेजारी माणूस बसवला. तेव्हापासून माझ्या हातात असतं तेवढं मी करते, आणि उरलेलं निर्धास्तपणे तिच्या ओटीत घालते.