समोरची पाण्याची नळी

थोरलीच्या हाताला वजनाचा अचूक अंदाज होता. सतरा वर्षं प्रयोगशाळेत नळ्या फिरवून तो आला होता. नमुन्याची नळी गरगर फिरणाऱ्या यंत्रात ठेवायची, तर बरोब्बर समोर तितक्याच वजनाची दुसरी नळी लागते. नाहीतर यंत्र थरथरायला लागतं. समोर ठेवायला दुसरा नमुना नसला की साध्या पाण्याची नळी भरून ठेवायची. वजन तेवढंच, आत मात्र काही नाही. काम झालं की बेसिनमध्ये ओतून टाकायची. या पाण्याच्या नळीबद्दल थोरलीला हल्ली उगाचच जवळीक वाटू लागली होती.

कारण घरात होतं. धाकट्या जावेला मुलगा होऊन चार महिने झाले होते आणि दूध तर असं, की बाळाचं पोट भरून उरायचं. सासूबाई हे येईल त्याला सांगायच्या. थोरली जवळपास असली की जरा मोठ्यानं सांगायच्या, निदान थोरलीला तरी तसं वाटायचं. सात वर्षांपूर्वी तिचं स्वतःचं दूध तिसऱ्या आठवड्यात आटलं होतं. लेक डब्याच्या पावडरीवर वाढली. आता ती दुसरीत होती, झाडावर सरसर चढायची, पाढे घडाघडा म्हणायची. पण नुसती शिंकली तरी सासूबाई म्हणायच्या, "डब्यावरचं पोर ते."

त्यात प्रयोगशाळेतल्या मोठ्या मॅडमनी नेमका आईच्या दुधाचा अभ्यास काढला. चहा घेताना थोरलीनं विचारलं, "शोधायचं काय आहे यात?"

"मायक्रो-आरएनए. पेशीतलं कुठलं काम किती चालू द्यायचं, यावर लगाम ठेवणारे बारीक तुकडे. चिठ्ठ्या समज. आईच्या दुधात त्या इवल्याशा पिशव्यांमध्ये बंद असतात, म्हणून बाळाच्या पोटातल्या आम्लातूनही काही टिकत असाव्यात. त्यानं बाळाचं आतडं, रोगाशी लढायची ताकद घडायला मदत होते का, ते शोधायचंय."

"आणि डब्यात?"

"जवळजवळ नसतातच," मॅडम म्हणाल्या. चहात साखर नाही म्हणावं, इतक्या सहज.

'शोधायचंय' हे थोरलीच्या कानावरून गेलं. 'नसतातच' तेवढं आत जाऊन बसलं.

घरी तिनं या अभ्यासाची गोष्ट काढायलाच नको होती. धाकटी लगेच म्हणाली, "मी देते ना ताई. नाहीतरी वायाच जातंय."

वाया. थोरली हसली आणि नीट न वाळलेल्या टॉवेलची उगाच घडी घालत बसली.

दुसऱ्या दिवशी ती धाकटीच्या दुधाची नळी बर्फाच्या डब्यातून स्वतः घेऊन गेली. नियम असा, की दूध काढल्यापासून दोन तासांत ते फिरवून वरची मलई आणि तळाच्या पेशी वेगळ्या करायच्या. उशीर झाला तर पेशी फुटतात, त्यांच्यातलं सगळं दुधात मिसळतं आणि मोजदाद बिघडते. थोरलीनं नळी बर्फातून काढली, एकतीस नंबर चिकटवला, खिडकीपाशी ठेवली आणि चहाला गेली. एक चहा झाला. दुसरा झाला. मग कुणाच्या तरी सुनेची गोष्ट तिनं शेवटपर्यंत ऐकली, जी एरवी ती अर्ध्यात तोडायची.

विसरले, असं ती स्वतःला सांगत होती. पण चहा पिताना नळी डोळ्यांसमोर उभी होती, आणि याला विसरणं म्हणत नाहीत.

परत आली तेव्हा दूध काढून तीन तास उलटून गेले होते. वहीत एक रकाना होता: काढल्यापासून किती वेळानं. तिथं 'दीड तास' लिहिलं असतं तर कोणी विचारलं नसतं. धाकटीचं दूध कागदावर हिणकस दिसलं असतं. किंवा बिघडून उलट सरसच दिसलं असतं. या दुसऱ्या विचारानं ती जास्त धास्तावली, आणि त्या धास्तीची तिला लाज वाटली.

पेन हातात तसंच राहिलं. डब्यात काय कमी आहे, हे कधी कळलंच तर याच आकड्यांवरून कळणार होतं. कुठल्याशा घरात एखादी आई पावडरीचा चमचा पाण्यात ढवळत असेल, तिच्यासाठीच तर हा खटाटोप. आपणच तिला खोटं सांगायचं? तिनं लिहिलं: 'तीन तास दहा मिनिटं. बर्फाबाहेर राहिली. चूक माझी. नमुना बाद.' आणि खाली सही केली.

मॅडमनी वाचलं. चष्मा वर केला. "तुझ्याकडून?"

"माझ्याकडून."

"दुसरा आण मग."

म्हणजे आता मागणं आलं. संध्याकाळी धाकटी पलंगावर बाळाला पाजत बसली होती, केस सकाळपासून विंचरलेले नव्हते.

"अगं, पुन्हा दूध लागेल. सकाळचं मी बाहेरच ठेवलं."

"विसरलात होय?"

थोरली दाराच्या कडीशी चाळा करत राहिली. "नाही विसरले."

धाकटीनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. "माझा राग येतो ना तुम्हाला?"

"राग नाही गं. माझं आटलं, तुझं उरतंय. एवढंच."

धाकटी कोरडं हसली. "ताई, चार महिन्यांत मी सलग दोन तास झोपले नाही. आंघोळीला गेले तरी आई दार वाजवतात, बाळ रडतंय म्हणून. तुम्ही सकाळी तो पांढरा कोट पिशवीत कोंबून दार ओढून घेता ना, त्या आवाजावर मी रोज जळते. तुमच्या लेकीला तिच्या बाबांनी बाटलीनं पाजलं, म्हणून ती अजून त्यांच्या गळ्यात पडते. याचे बाबा म्हणतात, मी काय करू, माझ्याकडे थोडंच दूध आहे."

थोरलीला कणव यायला हवी होती. आलीही, पण जरा मागाहून. आधी आला तो गारवा: कुणीतरी आपल्यावर जळतंय. सात वर्षांत इतकं बरं तिला वाटलं नव्हतं.

"कोट दोन मापं मोठा आहे," ती म्हणाली. "तुला नाही शोभायचा."

"द्या तर एकदा घालून बघायला."

"आधी दूध दे."

दुसऱ्या दिवशी नळी चाळीस मिनिटांत यंत्रापाशी पोचली. त्या वेळी समोर ठेवायला दुसरा नमुना नव्हता. थोरलीनं पाण्याची नळी घेतली आणि तराजूचा काटा तसूभरही हलेनासा होईपर्यंत थेंब थेंब टाकत राहिली. यंत्र जराही थरथरलं नाही.

थांबल्यावर तिनं धाकटीची नळी उजेडात धरली. वर मलईचा थर होता, जाड, बोटाच्या पेराएवढा. पोटात दुखलं, थोडंसं दुखलंच. मग तिनं पट्टी लावली आणि थर जेवढा होता तेवढाच वहीत लिहिला.