लालबागच्या मैदानातली परात

"बेटा, बूट काढ याचे. पाय धू."

सर मला म्हणाले. माईकवरून म्हणाले.

खुर्चीवर सरांच्या भर्तीच्या अकॅडमीतला, आमच्यातलाच एक पोरगा बसला होता. फौजेचं ट्रेनिंग संपवून सकाळच्या गाडीनं बुऱ्हाणपूरला उतरलेला. स्टेशनपासून लालबागच्या मैदानापर्यंत उघड्या जीपमधून त्याची मिरवणूक आली होती. पुढे डीजे, मागे गुलाल. मग मैदानात ही खुर्ची. खुर्चीपुढे पितळी परात. परातीशेजारी मी, गुडघ्यांवर. नखांत कणीक वाळलेली, कारण मेसच्या पोळ्या टाकून मी तशीच आले होते.

वर्षभरापूर्वी हा पोरगा आणि मी याच मैदानात पळायचो. त्याच्या पोटात कळ यायची, बसकण मारायचा. मी थांबायचे, त्याला उठवून चालवायचे. आता त्याचे बूट चकचकीत होते आणि मी त्याच्या नाड्या सोडत होते.

त्यालाच कसंतरी झालं. पाय मागे घेतले त्यानं. हळू आवाजात म्हणाला, "सर, रहने दो ना. अपनी ही तो है."

"पाँव नीचे," सर म्हणाले. "परंपरा है."

त्यानं पाय परातीत ठेवले. मी मोजे काढले. पाय धुतले. टॉवेलनं पुसले, बोटांच्या मधूनसुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे मोबाइल वर. कुणीतरी ओरडलं, "दीदी, इधर देखो!" मी पाहिलं नाही. त्या व्हिडिओत माझं तोंड दिसत नाही. वेणी दिसते आणि हात दिसतात.

परंपरा म्हणे. कसली परंपरा? आमच्या गावात, डोईफोडियात, लांबून कुणी आलं की माय दारात पायांवर पाणी घालते, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते. घरातलं माणूस सुखरूप आलं म्हणून. ती मायची रीत आहे, तिच्या दारातली, तिच्या पोरासाठी. सरांनी ती उचलून मैदानात आणली, माईक लावला, आणि हात वापरले आम्हा पोरींचे. सरांची मुलगी तिथंच उभी होती, ओवाळायचं ताट घेऊन. ती अधिकारी व्हायच्या परीक्षेची तयारी करत होती. परातीजवळ तिला कधी कुणी बसवलं नाही. मला राग त्याचा नाही की तिला बसवलं नाही. राग याचा की मला बसवताना कुणाला काही वाटलंच नाही.

सर म्हणजे निवृत्त सुभेदार. घरच्या केळीच्या बागा. माझा बा त्यांच्याच भावाच्या बागेत कामाला, घड उतरवायला आणि ट्रक भरायला. एका नवरात्रात सर आमच्या गावात आले. मंडपात भाषण केलं. "पोरीला ओझं समजू नका. मला द्या. मी तिला वर्दी देतो. फी एक पैसा नको. माझ्या घरी राहील, घरच्या पोरीसारखी." माय रडली. स्टेजवर चढली आणि सरांच्या पाया पडली. मला पुढे ओढून म्हणाली, "पड पाया." मी पडले.

मैदानावर मी सावधान-विश्राम शिकले त्याच्या कितीतरी आधी मायनं मला खाली बघायला शिकवलं होतं. मोठं माणूस बोलत असलं की डोळे खाली. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नाही. उलट उत्तर दिलं की पाठीत धपाटा. तिचा तरी काय दोष, तिला तिच्या मायनं तेच शिकवलं होतं. पण सरांना पोरगी आयती तयार मिळाली, हे मात्र खरं.

सुरुवातीला नुसता चहा. मग पोळ्या. मग सरांच्या आईचे गुडघे चोळणं. मेसमध्ये पोरं जेवायची, ती पळून आली की वाघासारखी भुकेली असायची. म्हणजे ती मैदानात असताना मी तव्यापाशी. मैदान सकाळचं आणि पोळ्याही सकाळच्याच. दोन्हींची वेळ एक, आणि दर वेळी पोळ्याच जिंकायच्या. उजाडायच्या आत जे पळायला मिळेल तेवढं माझं.

लेखीचा क्लास स्वयंपाकघराला लागून होता. एकदा धीर करून म्हणाले, "सर, मला पण क्लासला बसू द्या ना."

"फौज में सबसे पहले क्या सीखते हैं?" सरांनी विचारलं.

उत्तरही त्यांनीच दिलं.

"हुकूम मानना. तुझं ट्रेनिंग इथं सुरू झालं समज."

बिनतोड. पोळी लाटणं म्हणजे ट्रेनिंग. पाय चेपणं म्हणजे ट्रेनिंग. मला बरेच दिवस हे खरंच वाटायचं, याचाच आज संताप येतो. कणीक मळता मळता भिंतीपलीकडचं ऐकायचे. गणित, सामान्य ज्ञान, जे कानावर पडेल ते. लेखी परीक्षा पास झाले. सरांच्या घरात कुणाला फार आनंद झालेला दिसला नाही. सरांच्या आई म्हणाल्या, "आता रोट्या कोण करील?"

मैदानी परीक्षा जबलपूरला होती. नेमकी त्याच सुमाराला अकॅडमीच्या वार्षिक कार्यक्रमाची तयारी निघाली. पाहुणे येणार, मेसला कामच काम. सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला बोलावलं.

"तू पुढच्या भर्तीला जा. या वेळी घरात अडचण आहे."

"सर, पुढच्या भर्तीला माझं वय निघून जाईल."

"तो क्या हुआ? मेस है ना. जवानों को खिलाना भी देशसेवा है."

तेव्हा लख्ख कळलं. या माणसाला मला वर्दी द्यायचीच नव्हती. याला आचारीण पाहिजे होती, आणि आचारीण पगार मागते. मी पगारही मागत नव्हते. उलट माझी माय दर सणाला याच्या पाया पडून जात होती.

"सर, मी जाणार."

एवढंच म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत होते.

"गेलीस तर या घरात परत पाय ठेवायचा नाही."

"बरं."

घरी वेगळाच तमाशा. माय कपाळाला हात लावून बसली. "तुले काही समजतं का? सरनं तुले घरात ठेवलं, खाऊ घातलं. त्यायले नाही म्हणतं का कोणी?" पुढच्याच हप्त्यात बागेतून बाला निरोप आला, कामाला येऊ नको. बा मला काही बोलला नाही. दुसऱ्याच्या बागेत जाऊ लागला, लांब, सायकलवर. माय मात्र बोलत राहिली. सरांशी भांडणं सोपं होतं, एका वाक्यात झालं. मायशी रोज भांडावं लागलं. मी खाकनारच्या रस्त्यानं पळायचे तेव्हा ती दारातून ओरडायची की लोक काय म्हणतील. मला कधी कधी वाटायचं, घरीच बसावं. नाही बसले.

जबलपूरला एकटी गेले. प्लॅटफॉर्मवर झोपले. पळाले. निवड झाली.

ट्रेनिंग सेंटरमध्ये गेले तर पहिल्या दिवशी चक्रावले. आमच्या उस्ताद, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, जेवल्या आणि उठून आपलं ताट आपण विसळायला लागल्या. मी सवयीनं हात पुढे केला. "तेरी थाली है क्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "फिर?" त्या निघून गेल्या. मी नळापाशी तशीच उभी. शिक्षा तिथंही भरपूर होती. ऊन, रांगणं, पाठीवर वजन, शिव्या. पण ती सगळ्यांना सारखी होती आणि तिच्यातून आम्ही सगळ्याच तयार होत होतो. हुकूम मानणं काय असतं ते तिथं शिकले. सरांच्या घरी मी जे करत होते ते हुकूम मानणं नव्हतं.

ट्रेनिंग संपलं. रजेवर निघाले. कोणत्या गाडीनं येते ते फक्त मायला सांगितलं होतं.

बुऱ्हाणपूरला उतरले आणि डीजे ऐकू आला. बाहेर जीप. जीपवर भलामोठा फ्लेक्स. त्यात माझा फोटो, आणि माझ्याहून मोठा सरांचा. खाली लिहिलेलं, 'सरांची आणखी एक लेक देशसेवेत'. माय सरांच्या शेजारी उभी, नवं लुगडं नेसून, हातात ताट. सर गावात पेढे घेऊन गेले होते म्हणे. मायनं गाडीची वेळ सांगून टाकली होती. तिचं तोंड आनंदानं फुललेलं होतं. जीपमध्ये चढले. ती एक चूक माझ्या हातून झाली. मायच्या तोंडाकडे बघून झाली.

मैदानात खुर्ची होती. खुर्चीपुढे परात. तीच, काठाला पोचा आलेली.

परातीशेजारी एक पोरगी गुडघ्यांवर. कोणत्या तरी गावची, नवीन. खांद्यावर टॉवेल. तिच्या नखांत कणीक होती.

मी खुर्चीजवळ उभी राहिले. बसले नाही. पोरीनं माझ्या बुटाच्या नाडीला हात घातला. मी पाय मागे घेतला.

"नको."

"दीदी, पाय दे ना."

"नको म्हटलं ना."

ती वर बघून कुजबुजली, "धुऊ दे वं दीदी. नाही तं सर मले भर्तीले नेणार नाहीत."

मी पाय दिले तर ही परातीला कायमची बांधली जाणार. नाही दिले तर आज संध्याकाळी घरात बोलणी हिनंच खाणार. दोन्हीकडून मरण हिचंच. आणि सर हसत होते, माईक हातात धरून.

"बेटी शरमा रही है," सर म्हणाले. लोक हसले.

परेडला जो आवाज काढायला शिकवलाय, तो काढला. माईकची गरज नाही त्याला.

"शरमत नाही, सर. नाही म्हणतेय. मी बूट काढणार नाही. ही पोरगी भर्तीला जाणार की नाही, ते आत्ता इथं सगळ्यांसमोर सांगा."

सरांचं हसू तसंच चिकटलेलं, डोळे मात्र बदलले. "ये मंच इन बातों का नहीं है, बेटा."

"मग सकाळी मैदानाच्या वेळेला मेसच्या पोळ्या कोण करतं, ते सांगा."

सरांनी डीजेवाल्याकडे बघून बोट फिरवलं. गाणं सुरू झालं, देशभक्तीचं, छाती हादरेल इतक्या जोरात. मी बोलत होते आणि माझं मलाच ऐकू येत नव्हतं. पोरं नाचायला लागली. चीड म्हणजे काय असते ते मला त्या वेळी कळलं. खरं बोलायला आयुष्य लागलं आणि ते बुडवायला एक बोट पुरलं.

मग मी वाकले, पाण्यानं भरलेली परात उचलली आणि खुर्चीवर ठेवली. आता बसा कुणी. माझी फौजेतली काळी पेटी जीपमधून काढली आणि बसस्टँडच्या दिशेनं चालू लागले. मागे वळून पाहिलं तर ती पोरगी माझ्याकडे रागानं बघत होती. तिचा राग बरोबर होता. मी तिला काहीच दिलं नव्हतं.

माय धावत मागून आली. बसमध्ये बसल्यावर बोलत सुटली. "माझं नाक कापलं तू. चार लोकांत कापलं. काय झालं असतं पाय धुऊ दिले असते तं? पाणीच तं होतं."

"माय, मी त्या पोराचे पाय धुतले, तो व्हिडिओ तुला कुणी दाखवला होता का?"

"दाखवला होता."

"तोंड तर दिसत नाही माझं त्यात."

माय खिडकीकडे वळली. केळीच्या बागा मागे गेल्या. बाहेर बघतच म्हणाली, "हात ओयखले मी."

मला वाटलं, आता ती रडेल, माझा हात धरेल. तसलं काही झालं नाही. पदर सारखा करून म्हणाली, "तरी मोठ्या मानसाशी असं बोलू नये."

घरी आलो. तिनं दारात पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत निघून गेली. भाकरीचा तुकडा ओवाळला नाही. मी उंबऱ्यावर बसले, बूट काढले, माझे पाय माझ्या हातानं धुतले.

रजा अजून बाकी आहे आणि नवरात्र तोंडावर आलंय. सर आता गावोगाव फिरतील. आमच्या मंडपात येतील, इच्छापूरला देवीच्या यात्रेत बोलतील. पोरीला ओझं समजू नका म्हणतील. कुणाची तरी माय रडत रडत स्टेजवर चढेल. मीही तिथं असेन. वर्दीत नाही, साध्या कपड्यांत. ती माय सरांच्या पायांपर्यंत पोचायच्या आधी मी मधे उभी राहीन आणि परातीची गोष्ट पहिल्यापासून सांगीन. बाला पुन्हा कामावरून काढतील, काढू देत. माय बोलणार नाही, तर न बोलू दे. लालबागची ती पोरगी मला शिव्या घालत असेल, घालू दे. तिला मैदान मिळेपर्यंत मी एकही मंडप सोडणार नाही.

आणि पुन्हा डीजे लावला, तर तो थांबेपर्यंत तिथंच उभी राहीन. भर उन्हात, न हलता, तासन्तास उभं राहायला मला शिकवलंय. ते सरांनी नाही शिकवलं.